वॉकओव्हर

जिमखान्याची वही माझ्याकडे कशी राहिली
ते विचारू नका.
निळा पुठ्ठा, कडा वाळवीनं चाखलेल्या,
आत माझंच अक्षर : सन चोपन्न-पंचावन्न, फुटबॉल.
खेळलो सहा. हरलो चार. बरोबरी एक.
जिंकलो एक.

मी बारावा.
म्हणजे ब्लॅडरमध्ये हवा भरणारा, वादी आवळणारा,
लिंबं कापणारा आणि हे असं लिहून ठेवणारा.
चेंडू एकच. भिजला की धोंडा व्हायचा,
डोक्यावर घेणाऱ्याच्या कपाळावर वादीचा वळ उठायचा,
घरी विचारायचे, कुणाशी भांडलास?
भद्रकालीतले गंगारामबुवा तो उधारीवर शिवून देत
आणि आमच्या अनवाणी पायांकडे बघून म्हणत,
पाय उघडे अन् चेंडूला कातडं,
उलटीच तऱ्हा बाबा तुमची.

कप्तान पुंडलिक खैरनार, कळवणचा.
गोलात हमीद कोकणी. मधे शरणपूरचा सॅम्युएल तोरणे,
जो रविवारी खेळत नसे, आणि सामने रविवारीच असत.
डावीकडून बन्सी तांबट.
बापासमोर बसून लहानपणापासून हंडे ठोकले,
त्यात कान अर्धे गेलेले.
शिट्टी त्याला ऐकूच यायची नाही.
ऑफसाइड झाला तरी धावायचा, हाफटाइम झाला तरी धावायचा,
खैरनार मागून जाऊन सदरा धरी
तेव्हा कुठे वळून बघायचा, कसनुसं हसायचा.

देवळालीच्या तोफखान्यानं नऊ गोल घातले
आणि वर दुधाळ चहा पाजला.
परतीच्या टांग्यात गर्गे सर,
खरे तर केमिस्ट्रीचे डेमॉन्स्ट्रेटर,
बराच वेळ गप्प बसून म्हणाले,
दोन आकडी नाही झाले.
नोटांच्या प्रेसनं पाच घातले, अगदी मोजून.
धुळ्याला गेलो, हरलो. धुळेकर आले, हरलो.
इगतपुरीला रेल्वेवाल्यांशी शून्य-शून्य,
त्या धुक्यात चेंडूच कुणाला दिसला नव्हता.

मग जानेवारीत मनमाड, आमच्या मैदानावर.
वेळ साडेचारची. पाच वाजले.
पंच साडेपाचपर्यंत थांबले,
म्हणाले, वॉकओव्हर, इथे सही करा,
आणि सायकलवर टांग टाकून गेले.
मी लिहिलं : जिंकलो.
शाई वाळते न वाळते तोच
स्टेशनाकडून तीन टांगे.
मनमाडची पोरं, केसांत कोळशाची कणी,
निफाडजवळ मालगाडी घसरलेली,
दुपारपासून पोटात फक्त शेंगदाणे.
त्यांचा कप्तान एवढंच म्हणाला,
आलोच आहोत, तर खेळू या.

खैरनारनं माझ्याकडे बघितलं.
वहीकडे नाही.

गंगेकडून गारठा चढत होता.
शिट्टी गर्गे सरांकडे, उजेड कुणाकडेच नाही.
चार गोल खाल्ले.
चौथा हमीदला कळला तो आवाजावरून.
सरांनी लांब शिट्टी दिली, संपलं,
हात मिळवले, कुणीतरी बिडी पेटवली,
आणि बन्सी धावतच होता.

एकटाच, पलीकडच्या अंधारात, चेंडू पायाशी.
मनमाडचा गोली केव्हाच बाहेर येऊन पाणी पीत होता.
खैरनार सदरा धरायला निघाला
आणि मधेच उभा राहिला.
आम्ही ऐकलं ते फक्त लाकूड वाजलेलं.
चेंडू खांबाला आतून लागला की बाहेरून,
यावर आमच्यात, म्हणजे उरलोत त्या तिघांत,
अजून एकमत नाही.
बन्सी धापा टाकत आला,
त्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला, किती झाले?
खैरनारनं एक बोट वर केलं.
मनमाडवाले टाळ्या वाजवत होते.
त्या बन्सीला दिसल्या असाव्यात.

वहीत यातलं काही नाही.
वहीत आम्ही जिंकलोय.

सगळे चहाला गेले, आणि मी कंदील घेऊन
चेंडू शोधायला.
कुंपणापलीकडे हरभऱ्यात सापडला,
वादी सुटलेली,
दवानं जड.